लिथियम बॅटरीची सुरक्षितता : नियमांमागील अपघातांचा इतिहास

प्रास्ताविक

मोबाईल फोन, लॅपटॉप किंवा विजेवर चालणारी दुचाकी विकत घेतली की तिच्यासोबत एक पत्रक मिळते. सोबत दिलेलाच चार्जर वापरावा, फुगलेली बॅटरी वापरू नये, उन्हात ठेवू नये, विमानप्रवासात सुटी बॅटरी हातातील सामानात ठेवावी, अशा सूचना त्यात असतात. ही पत्रके सहसा वाचली जात नाहीत. वाचली तरी कोणत्याही उपकरणाबरोबर येणाऱ्या औपचारिक सावधगिरीपलीकडे त्यांना कोणी महत्त्व देत नाही. इतिहासाच्या अंगाने पाहिले असता मात्र या यादीतील बहुतेक ओळींना एक साल आणि एक ठिकाण असल्याचे दिसून येते. कोठेतरी काहीतरी पेटले, त्याची चौकशी झाली, आणि त्या चौकशीचा निष्कर्ष कालांतराने एका वाक्याच्या सूचनेत आकसला.

प्रस्तुत निबंधात पुन्हा चार्ज करता येणाऱ्या लिथियम बॅटरीच्या सुमारे पन्नास वर्षांच्या वाटचालीचा या दृष्टीने विचार केला आहे. या बॅटरीच्या शोधाचा इतिहास आता बराच परिचित आहे. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळाल्यानंतर तो विद्यार्थ्यांपर्यंतही पोचला. तिच्या सुरक्षिततेचा इतिहास मात्र विखुरलेला आहे. तो विमान अपघातांच्या अहवालांत, परत मागवलेल्या मालाच्या जाहीर सूचनांत आणि मानकांच्या दुरुस्त्यांत सापडतो. हे तुकडे एकत्र ठेवले असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. धोका कोणत्याही टप्प्यावर संपूर्ण नाहीसा झाला नाही. प्रयोगशाळेने तो कारखान्याकडे, कारखान्याने वाहतूकदाराकडे आणि सरतेशेवटी सर्वांनी मिळून तो सामान्य कुटुंबाकडे सोपवला.

धातुरूप लिथियमचा काळ

लिथियम हा सर्वांत हलका धातू. आपला इलेक्ट्रॉन सहज सोडून देण्याची त्याची प्रवृत्ती असल्यामुळे कमी वजनात अधिक ऊर्जा साठवण्यासाठी तो आदर्श ठरतो. पण त्याच प्रवृत्तीमुळे हवा आणि पाणी यांच्याशी त्याची तीव्र अभिक्रिया होते. ज्या गुणासाठी त्याची निवड झाली, तोच त्याचा दोष होय.

१९७० च्या दशकात तेलाचे भवितव्य अनिश्चित दिसू लागल्यावर अमेरिकेतील एक्सॉन या तेलकंपनीनेच पर्यायी ऊर्जेच्या संशोधनात पैसा घातला. तेथे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एका बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड आणि दुसऱ्या बाजूला लिथियम धातू असलेली बॅटरी सिद्ध केली. ती वारंवार चार्ज करता येत असे, परंतु प्रत्येक वेळी लिथियम पूर्वीसारखा सपाट थरात परत बसत नसे. धातूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तंतू वाढत जात. हे तंतू समोरच्या इलेक्ट्रोडला जाऊन भिडले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होई. प्रयोगशाळेत इतक्या वेळा आग लागली, की लिथियमच्या आगीसाठी लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करण्याची तंबी अग्निशमन दलाने दिली. पुढे लिथियममध्ये ॲल्युमिनियम मिसळून आणि इलेक्ट्रोलाइट बदलून ही बॅटरी काहीशी आटोक्यात आणण्यात आली. १९७६ मध्ये ती जाहीर झाली आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या घड्याळांसाठी अल्प प्रमाणात तयारही होऊ लागली. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेलाचे भाव उतरले तेव्हा एक्सॉनने हे काम गुंडाळले.

धातुरूप लिथियमला ग्राहकाच्या खिशापर्यंत नेण्याचे धाडस केले ते कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या मोली एनर्जी या कंपनीने. लिथियम आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांची तिची बॅटरी जपानमधील मोबाईल फोनमध्ये वापरली जाऊ लागली. १९८९ मध्ये अशा एका फोनला आग लागली आणि सर्व बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. कंपनी दिवाळखोरीत निघाली व पुढे जपानी उद्योगांच्या ताब्यात गेली. मोलीची बॅटरी काही फसवा माल नव्हती. तत्कालीन चाचण्यांतून ती उत्तीर्ण झालेली होती. परंतु तंतूंची वाढ अनेक वेळा चार्ज झाल्यानंतर, म्हणजे चाचणी संपल्यावर आणि ग्राहकाचा वापर स्थिरावल्यावर, घातक वळण घेते. कारखान्याच्या दारातून सुरक्षित बाहेर पडलेली वस्तू कालांतराने असुरक्षित होऊ शकते, हे या क्षेत्रात प्रथमच एवढ्या मोठ्या किमतीने उमगले.

योशिनो यांचा लोखंडी ठोकळा आणि ४.२ व्होल्टची मर्यादा

याच सुमारास जपानमध्ये वेगळ्या वाटेने उत्तर शोधले जात होते. ऑक्सफर्ड येथे गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन इलेक्ट्रोड म्हणून उपयोग दाखवून दिला होता. असाही कासेई या कंपनीतील अकिरा योशिनो यांनी त्याच्या समोर धातूऐवजी पेट्रोलियम कोक हा कार्बनी पदार्थ ठेवला. आता बॅटरीत धातुरूप लिथियम उरलाच नाही. लिथियमचे आयन तेवढे एका बाजूच्या स्तरांतून दुसऱ्या बाजूच्या स्तरांत ये-जा करू लागले. ‘लिथियम आयन’ हे नाव त्यावरूनच आले.

ही बॅटरी तयार झाल्यावर योशिनो यांनी स्फोटकांच्या चाचणीसाठी असलेली जागा मिळवली आणि तेथे बॅटरीवर जड लोखंडी ठोकळा टाकून पाहिला. काहीही घडले नाही. मग धातुरूप लिथियम असलेल्या बॅटरीवर तोच प्रयोग केला, तेव्हा जोरदार स्फोट झाला. लिथियम आयन बॅटरी ज्या क्षणी जन्माला आली तो क्षण हाच, असे योशिनो मानतात. नव्या साधनाचा जन्म त्याच्या क्षमतेच्या प्रयोगात न मानता त्याच्या सुरक्षिततेच्या प्रयोगात मानला जावा, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळा आढळणारी गोष्ट आहे. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली.

मात्र येथे सुरक्षिततेला एक अट जडलेली होती, आणि तिच्यातच पुढील अनेक अपघातांचे मूळ आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीला गरजेपेक्षा जास्त वीज दिली तर तिच्यातील पाण्याचे विघटन होते. घरोघरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत मधूनमधून शुद्ध पाणी ओतावे लागते ते यासाठीच. म्हणजे जादा विजेला तेथे एक वाट मोकळी आहे. लिथियम आयन बॅटरीत अशी वाट नाही. कोबाल्ट ऑक्साइडच्या घटाला ४.२ व्होल्टपर्यंतच नेता येते. त्यापुढे नेल्यास धन बाजूची स्फटिकरचना अस्थिर होते आणि ऋण बाजूच्या कार्बनमध्ये न मावणारा लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतो. शून्य अंशाखालील तापमानात चार्ज केल्यासही तेच घडते. जो धातू बाहेर काढून योशिनो यांनी बॅटरी सुरक्षित केली होती, तोच चुकीच्या चार्जिंगमुळे आत पुन्हा तयार होतो. उलट टोकाला, बॅटरी पार उतरवून महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि नंतर ती चार्ज करताना ते तांबे नको तेथे साचून शॉर्ट सर्किट होण्याचा संभव निर्माण होतो. दीर्घकाळ ठेवायची बॅटरी अर्धवट भरलेली ठेवावी, या सूचनेमागे हे कारण आहे.

या कारणांमुळे लिथियम आयन बॅटरी ही केवळ रासायनिक वस्तू राहिली नाही. व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान यांवर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल आणि आधी स्थिर प्रवाह व नंतर स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर हे तिच्या सुरक्षिततेचेच घटक बनले. चार्जर बदलणे म्हणजे बॅटरीचा एक भाग बदलणेच होय. बाजारात मिळणारा स्वस्त चार्जर ‘चालतो’, असे म्हणणाऱ्यास हे सहसा ठाऊक नसते. पिनेचा आकार जुळला की चार्जर जुळला असे तो मानतो.

कारखान्यातील धातुकण

पुढील पंधरा वर्षांत याच आकाराच्या नळकांडी घटात साठणारी वीज सुमारे तिप्पट झाली. बाहेरचा डबा तेवढाच राहिल्याने ही वाढ आतल्या जागेच्या काटकसरीतून साधावी लागली, आणि दोन इलेक्ट्रोडना विलग ठेवणारा प्लास्टिकचा पडदा उत्तरोत्तर पातळ होत गेला. पूर्वीच्या जाड पडद्यात निरुपद्रवी ठरलेला धातूचा कण आता घातक ठरू शकत होता.

ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या, त्यापाठोपाठ ॲपलने १८ लाख. त्यांतील घट सोनीने बनवलेले होते. वर्षअखेरपर्यंत अशा बॅटऱ्यांची संख्या जवळपास एक कोटीवर गेली. उत्पादनाच्या वेळी घटात शिरलेले सूक्ष्म धातुकण हे कारण देण्यात आले. एकदा शॉर्ट सर्किट होऊन उष्णता वाढू लागली की पुढील घटना साखळीसारख्या घडतात. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास ऋण इलेक्ट्रोडवरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो, सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो, दोनशेच्या आसपास कोबाल्ट ऑक्साइड ऑक्सिजन सोडू लागते, आणि ज्वलनशील सेंद्रिय द्रव त्याच्या सान्निध्यात पेट घेतो. जळण आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच बंद डब्यात असल्याने बाहेरून हवा तोडून ही आग विझत नाही. एक घट पेटला की त्याची उष्णता शेजारच्या घटाला पुरेशी होते.

पुढील वर्षीची घटना भारतीय वाचकांना अधिक जवळची आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने ‘बीएल-५सी’ या बॅटरीबाबत जाहीर सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी अतिशय तापण्याचा संभव होता. जगभरातून अशा सुमारे शंभर घटना नोंदल्या गेल्या होत्या. म्हणजे दोषाचे प्रमाण लाखांत एकाहूनही कमी होते. परंतु ही बॅटरी नोकियाच्या अनेक स्वस्त फोनमध्ये होती, आणि भारतात त्या काळी फोन म्हणजे बहुधा नोकियाच. आपली बॅटरी त्या तुकडीतील आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावरील २६ अक्षरी क्रमांक तपासावा लागे. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याने हा क्रमांक कोठे तपासावा, हा प्रश्न तेव्हा खरा होता. सेवाकेंद्रांवर रांगा लागल्या, अफवा पसरल्या. बॅटरी हा धोकादायक पदार्थ असू शकतो ही जाणीव भारतीय मध्यमवर्गाला व्यापक प्रमाणात प्रथम झाली ती बहुधा याच आठवड्यांत. ती टिकली मात्र फार थोडी.

विमानातील बॅटरी

सुरक्षित वाहतुकीचे नियम सर्वांत कडक झाले ते विमानक्षेत्रात, आणि तेथेही ते जीवितहानी झाल्यानंतरच झाले. १९९९ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर, ओसाकाहून आलेल्या प्रवासी विमानातून उतरवलेल्या लिथियम बॅटऱ्यांच्या गठ्ठ्यांना आग लागली. त्या पुन्हा चार्ज न होणाऱ्या, धातुरूप लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. हीच आग काही तास आधी, आकाशात लागली असती तर काय झाले असते, हा विचार चौकशी करणाऱ्यांच्या मनात येणे अपरिहार्य होते. विमानाच्या मालकक्षात आग शमवण्यासाठी वापरला जाणारा हॅलॉन वायू या आगीपुढे निष्प्रभ ठरतो, हे अमेरिकेतील नंतरच्या प्रयोगांत सिद्ध झाले. २००४ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमानातून या प्रकारच्या बॅटऱ्यांची मालवाहतूक बंद केली. लिथियम आयन बॅटऱ्यांना मात्र ही बंदी लागू नव्हती.

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतील कोलोनकडे निघाले. त्यात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे बावीस मिनिटांनी आगीचा इशारा मिळाला. वैमानिकांनी विमान दुबईकडे वळवले, परंतु थोड्याच वेळात कॉकपिट धुराने इतके भरले की समोरची उपकरणेही दिसेनाशी झाली. विमान धावपट्टीवर उतरू शकले नाही. ते दुबईजवळ कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ रोजी, एशियाना कंपनीचे मालवाहू विमान दक्षिण कोरियातील जेजू बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्याच्या मालातही लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यातील दोघेही वैमानिक वाचले नाहीत.

या अपघातांनंतरही निर्णयाला वेळ लागला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने धातुरूप लिथियमच्या बॅटऱ्यांची प्रवासी विमानांतील मालवाहतूक १ जानेवारी २०१५ पासून आणि लिथियम आयन बॅटऱ्यांची १ एप्रिल २०१६ पासून थांबवली. मालवाहू विमानातून सुट्या पाठवायच्या लिथियम आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या असू नयेत, अशी अटही त्याच वेळी आली. या आकड्यामागे साधा तर्क आहे. कमी भरलेल्या घटात ऊर्जा कमी, त्यामुळे एखादा घट बिघडला तरी त्याच्या उष्णतेने शेजारचा घट पेटण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. दुबईच्या अपघातापासून या अटीपर्यंत साडेपाच वर्षे गेली. बॅटरी-उद्योगाचे आर्थिक वजन लक्षात घेता हा विलंब निव्वळ शास्त्रीय सावधपणामुळे झाला, असे मानणे कठीण आहे.

प्रवाशाच्या वाट्याला आलेला नियम वरवर पाहता उलटा वाटतो. धोकादायक वस्तू प्रवाशांपासून दूर ठेवावी अशी सर्वसाधारण समजूत. येथे मात्र सुटी बॅटरी आणि पॉवर बँक मालकक्षात न देता स्वतःजवळ ठेवावी लागते. अमेरिकेत हा नियम २००८ पासून आहे. कारण उघड आहे. मालकक्षात आग लागली तर तेथे कोणी पोचू शकत नाही. केबिनमध्ये निदान माणूस असतो. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. ३.७ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे २७ हजार मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक तिच्यात बसते. १६० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीसाठी विमानकंपनीची परवानगी लागते. धातूची टोके उघडी असल्यास ती चिकटपट्टीने झाकावी लागतात, कारण खिशातील किल्ली किंवा नाणे दोन टोकांमध्ये आले तरी शॉर्ट सर्किट पुरे होते.

केबिनमध्ये असलेल्या त्या माणसाने नेमके काय करायचे, याचे उदाहरण भारतातच पाहायला मिळाले. २३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात डोक्यावरील सामानकप्प्यातील एका फोनमधून धूर येऊ लागला. कर्मचाऱ्यांनी अग्निशामकाचा फवारा मारला आणि नंतर तो फोन स्वच्छतागृहात पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवला. विमान सुखरूप उतरले. येथे एक व्यापक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. लिथियमवर पाणी टाकू नये हे शालेय विज्ञानातील वाक्य धातुरूप लिथियमला लागू पडते. एक्सॉनच्या प्रयोगशाळेत खास रसायने लागत होती ती त्यामुळेच. लिथियम आयन बॅटरीत मुळात धातू नसतो. तेथे मुख्य शत्रू उष्णता हा असतो, आणि उष्णता शोषून घेण्यात पाण्याच्या तोडीचे स्वस्त साधन नाही. ज्वाला विझली तरी आतील अभिक्रिया चालूच राहते. म्हणून भरपूर पाण्याने बराच वेळ थंड करावे लागते. अर्थात घरातील बॅटरी मुख्य वीजपुरवठ्याला जोडलेली असताना हे करणे म्हणजे नवे संकट ओढवून घेणे होय. लहान वस्तू असेल तर आधी वीज तोडावी. मोठी बॅटरी पेटली असेल तर घर रिकामे करून अग्निशमन दलाला बोलवावे. तिचा धूर विषारी असतो.

हा नियमही अंतिम ठरलेला नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच जळाले. प्रवासी व कर्मचारी सर्व बाहेर पडू शकले. सामानकप्प्यातील पॉवर बँक हे संभाव्य कारण पुढे आले, आणि १ मार्चपासून त्या देशात पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात ठेवण्यास मनाई झाली. ‘स्वतःजवळ’ या शब्दाचा अर्थ आता अक्षरशः हाताच्या अंतरावर असा झाला.

दोन प्रतिष्ठित अपयशे

बोइंग ७८७ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ या दोन प्रकरणांवर विपुल लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे त्यांचा ओझरता उल्लेख पुरेसा आहे. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टन आणि ताकामात्सु येथील घटनांनंतर जगभरातील सर्व ७८७ विमाने जमिनीवर आणण्यात आली. त्यांत एअर इंडियाचीही होती. बोइंगने शोधलेला उपाय सूचक आहे. घट पेटणारच नाही अशी हमी देण्याऐवजी, पेटलाच तर आग पोलादी पेटीत कोंडून राहील आणि वायू थेट विमानाबाहेर जाईल, अशी व्यवस्था करण्यात आली. नोट ७ ची कहाणी याच्या उलट आहे. २०१६ मध्ये पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत एका कोपऱ्यात ऋण इलेक्ट्रोड दुमडला जात होता. घाईने दुसऱ्या पुरवठादाराकडून बॅटऱ्या घेतल्या, तर त्यांत वेल्डिंगचे अणकुचीदार अवशेष निघाले. दोन महिन्यांच्या आत तो फोनच कायमचा बंद करावा लागला. बदलून दिलेली वस्तू सुरक्षित असतेच, या ग्राहकाच्या विश्वासाला तेव्हा तडा गेला.

साठवणुकीचा प्रश्न

मोठ्या प्रमाणावरील साठवणुकीबाबत इतिहास अद्याप घडतो आहे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात वीजसाठवण केंद्रातील बॅटऱ्यांमध्ये आग लागली. अग्निशामक यंत्रणेने वायू सोडला, परंतु तापलेल्या घटांतून निघणारे ज्वलनशील वायू बंद जागेत साचत राहिले. काही तासांनी जवानांनी दार उघडल्यावर स्फोट झाला आणि चौघे गंभीर जखमी झाले. २४ जून २०२४ रोजी दक्षिण कोरियातील ह्वासोंग येथील लिथियम बॅटरीच्या कारखान्यात २३ जणांचा मृत्यू झाला. तेथे सुमारे ३५ हजार घट एकाच मजल्यावर साठवलेले होते, आणि पहिल्या ठिणगीनंतर मिनिटभरातच सारे दालन धुराने भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच देशातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात, बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर तळघरात हलवण्याचे काम चालू असतानाच आग लागली आणि ७०९ शासकीय संगणक प्रणाली बंद पडल्या. स्थलांतराचा हेतू आगीचा धोका कमी करणे हाच होता.

भारतीय घरातील बॅटरी

वरील बहुतेक प्रसंगांत बॅटरीच्या भोवती प्रशिक्षित माणसे होती. २०२२ नंतर भारतात जे घडले त्यात ती नव्हती.

फोन, पॉवर बँक आदींच्या घटांसाठी भारतीय मानक आयएस १६०४६ होते आणि त्यानुसार सक्तीची नोंदणीही लागू झालेली होती. विजेवरील दुचाकींच्या मोठ्या बॅटरीबाबत मात्र नियम तुलनेने सैल होते, आणि अनुदानामुळे बाजार वेगाने वाढत होता. मार्च २०२२ च्या अखेरीस तमिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली. धुरात गुदमरून वडील आणि मुलगी दगावले. त्याच सुमारास पुण्यात लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी केलेली स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ९ एप्रिल रोजी नाशिक येथे कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या ४० स्कूटरपैकी २० जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबाद येथे हॉटेलच्या इमारतीत खालच्या बाजूस असलेल्या ई-स्कूटरच्या दालनातून आग वर पसरली आणि आठ जण मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट होऊन भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. चार्जिंग, वाहतूक, साठवण असे या निबंधातील सर्व विषय एकाच वर्षात, एकाच देशात असे एकवटलेले दिसतात.

वेल्लोर आणि वसई येथील घटनांकडे पाहताना घराच्या रचनेचा विचार टाळता येत नाही. पाश्चात्त्य सूचनापत्रकात वाहन घराबाहेर किंवा गॅरेजमध्ये चार्ज करावे असे लिहिलेले असते. मुंबई महानगरातील चाळीत किंवा दोन खोल्यांच्या सदनिकेत गॅरेज कोठून येणार? वाहन खाली उभे करायचे, बॅटरी काढून हातात धरून जिना चढायचा आणि स्वयंपाकघर व झोपण्याची जागा यांच्यामधल्या एकमेव मोकळ्या प्लगला ती लावायची, हीच येथील व्यवहार्य रीत आहे. बॅटरी काढता येते ही सोय म्हणूनच जाहिरातीत मिरवली जाते. ती सहसा रात्री लावली जाते, कारण दिवसा वाहन कामावर असते. उन्हातून आलेली बॅटरी तासभर निवू द्यावी ही सूचना योग्यच आहे, परंतु वस्तू घरपोच करणाऱ्या तरुणाला दोन फेऱ्यांच्या मध्ये तो तास मिळत नाही. बॅटरी दाराच्या वाटेवर ठेवू नये, हे त्याहून महत्त्वाचे. कारण आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. एका दाराच्या खोलीत ही सूचना कशी पाळावी, याचे उत्तर कोणत्याही पत्रकात नाही.

शासनाने चौकशी समित्या नेमल्या, कंपन्यांनी काही हजार वाहने परत बोलावली. वाहनविषयक मानके प्रसिद्ध करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेमार्फत आलेल्या एआयएस-१५६ या मानकातील दुरुस्त्या १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. घट, बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा, चार्जर आणि एका घटाची आग इतरांत पसरू न देणारी रचना या सर्वांचा त्यांत समावेश आहे. अनेक उत्पादक लोह-फॉस्फेटच्या बॅटरीकडे वळले. तिचा ऑक्सिजन फॉस्फेटच्या बंधात घट्ट अडकलेला असल्याने ती उष्णतेला अधिक दाद देत नाही. १९९७ मध्ये टेक्सास येथे गुडइनफ यांच्यासह हे द्रव्य पुढे आणणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत.

या मानकांच्या कक्षेला एक काठ मात्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या विजेच्या दुचाकीला मोटार वाहन मानले जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. किमतीने ती सर्वांत स्वस्त असल्यामुळे लहान घरांत मुख्यतः तीच पोचते. तिची जुनी बॅटरी कमकुवत झाली की नवी अधिकृत बॅटरी घेण्याऐवजी गल्लीतील दुरुस्तीवाला वेगवेगळ्या वयाचे घट एकत्र जोडून देतो. अशा बॅटरीवर ना मानकाचा शिक्का असतो, ना तिच्यासोबत एखादे पत्रक येते; आणि रात्री ती त्याच एका प्लगला लागते.